अग्रप्रवेश पद्धती, मनोरंजन उद्यानांतील

अग्रप्रवेश पद्धती, मनोरंजन उद्यानांतील : मनोरंजन उद्यानातील एखाद्या सफरीच्या (राइडच्या) सर्वसाधारण रांगेत उभे न राहता, किंवा थोडाच वेळ उभे राहून, आत प्रवेश मिळवून देणारी व्यवस्था. या व्यवस्थेत प्रेक्षकास छापील चिठ्ठी, मनगटपट्टी, जवळ बाळगण्याचे इलेक्ट्रॉनिक उपकरण किंवा भ्रमणध्वनीवरील नोंद यांपैकी एखादे साधन दिले जाते व ते दाखविल्यावर त्यास निराळ्या मार्गाने सोडण्यात येते. हा हक्क विनामूल्य, सशुल्क, उद्यानाच्या हॉटेलातील निवासाबरोबर मिळणारी सवलत म्हणून किंवा शारीरिक गरजेमुळे प्राप्त होऊ शकतो. या पद्धतीने सफरीची क्षमता वाढत नाही. असलेल्या जागा कोणाला आधी व कोणाला नंतर मिळाव्यात, एवढेच तिने ठरते. म्हणून तिचे मूल्यमापन करताना ज्यांची प्रतीक्षा वाचली त्यांच्याबरोबर ज्यांची वाढली त्यांचाही हिशेब मांडावा लागतो.

रांग निर्माण होण्याची कारणे : प्रत्येक सफरीची एक ठरावीक तासिक क्षमता असते. २४ आसनांची गाडी दर ७२ सेकंदांनी सुटत असेल, तर तासाला ५० फेऱ्या होतात आणि १,२०० व्यक्तींना लाभ मिळतो. ही संख्या मनास येईल तशी वाढविता येत नाही. रोलर कोस्टरचा मार्ग लोहमार्गाप्रमाणे खंडांत विभागलेला असतो आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी असावी, असा सुरक्षिततेचा नियम असतो. शिवाय प्रवाशांना बसविणे, त्यांचे पट्टे व अडसर तपासणे आणि फेरी संपल्यावर त्यांना उतरविणे यांना वेळ लागतो. याउलट, सतत फिरणाऱ्या साखळीवर आसने बसविलेल्या सफरी थांबतच नाहीत. त्यांची क्षमता तासाला दोन हजारांहूनही अधिक असू शकते. त्यामुळे सफरीची लोकप्रियता आणि तिची रांग यांचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. १९५५ पासून डिझ्नीलँडमध्ये असलेली ‘पीटर पॅन्स फ्लाइट’ ही लहान मुलांची सफर छपराखालच्या रुळाला टांगलेल्या छोट्या नौकांतून होते. क्षमता कमी असल्याने तिची रांग आजही लांब असते.

रांगांचा गणिती अभ्यास मनोरंजन उद्यानांच्या पूर्वीचा आहे. डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी कोपनहेगनच्या दूरध्वनी केंद्रातील मागणीचा अभ्यास करून १९०९ मध्ये या शाखेचा पाया घातला. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार रांगेतील सरासरी व्यक्तिसंख्या ही येणाऱ्यांचा वेग व सरासरी प्रतीक्षाकाल यांच्या गुणाकाराइतकी असते. तासाला १,२०० व्यक्तींना नेणाऱ्या सफरीपुढे ६०० व्यक्ती उभ्या असतील, तर शेवटच्या व्यक्तीस सुमारे अर्धा तास लागेल, हा हिशेब याच विचारावर आधारलेला आहे. ‘येथून पुढे ३० मिनिटे’ अशा स्वरूपाचे फलक अशाच गणनेवरून लावता येतात.

ऐतिहासिक आढावा : कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिझ्नीलँड सुरू झाले, तेव्हा प्रवेशशुल्काखेरीज प्रत्येक सफरीचे तिकीट निराळे होते. त्याच वर्षी तिकिटांची पुस्तिका प्रचारात आली. तीत प्रारंभी ‘ए’, ‘बी’ व ‘सी’ असे तीन वर्ग होते. १९५६ मध्ये ‘डी’ व १९५९ मध्ये ‘ई’ वर्गाची भर पडली. सर्वांत आकर्षक सफरींना ‘ई’ तिकीट लागे व पुस्तिकेत त्याची संख्या मर्यादित असे. परिणामी मॅटरहॉर्नसारख्या सफरीत पुनःपुन्हा बसण्याचा मोह आपोआप आवरला जाई आणि उरलेली ‘ए’ व ‘बी’ तिकिटे खर्ची घालण्यासाठी लोक कमी गर्दीच्या सफरींकडे वळत. मागणीचे नियमन करण्याचे काम येथे किंमत करीत होती.

एकाच प्रवेशशुल्कात सर्व सफरी खुल्या ठेवण्याची रीत दुसऱ्या उद्यानांनी रुजविली. १९६१ मध्ये सुरू झालेले ‘सिक्स फ्लॅग्ज ओव्हर टेक्सस’ हे तिचे ठळक उदाहरण होय. डिझ्नीच्या अमेरिकेतील उद्यानांनीही १९८२ मध्ये पुस्तिका बंद करून हीच रीत स्वीकारली. ती प्रेक्षकांस सोयीची होती. परंतु तिच्यामुळे पुढच्या प्रत्येक फेरीची किंमत शून्यावर आली. किंमतीने होणारे नियमन संपले आणि त्याची जागा वेळेने घेतली. आत आल्यावर प्रत्येकास सारखाच हक्क होता. जो अधिक वेळ उभा राहण्यास तयार, त्याला सफर मिळे.

यानंतर उद्यानांचे लक्ष रांग सुसह्य करण्याकडे वळले. खांब व दोर लावून नागमोडी केलेल्या रांगेत माणसे सतत पुढे सरकत राहतात व रांगेची खरी लांबी नजरेत भरत नाही. मूळ सफरीपूर्वी एखादा छोटा देखावा दाखवून प्रतीक्षेचेच मनोरंजनात रूपांतर करण्यात येते. डिझ्नीलँडमधील ‘हाँटेड मॅन्शन’ या १९६९ मधील सफरीत ज्या खोलीच्या भिंती ताणल्या जात असल्याचा भास होतो, ती वस्तुतः प्रेक्षकांना जमिनीखालच्या मार्गाकडे नेणारा पाळणा आहे. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये प्रतीक्षेच्या मानसशास्त्रावर लिहिलेल्या निबंधात असे दाखविले की, रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा दीर्घ वाटतो, अनिश्चित प्रतीक्षा निश्चित प्रतीक्षेपेक्षा दीर्घ वाटते आणि अन्याय्य प्रतीक्षा न्याय्य प्रतीक्षेपेक्षा अधिक जाचक होते. यांपैकी पहिल्या दोन तत्त्वांचा उपयोग अग्रप्रवेश पद्धतीने करून घेतला; तिसऱ्याची अडचण मात्र तिच्यातच निर्माण झाली.

फास्टपास : आधुनिक अग्रप्रवेश पद्धतीचा प्रसार मुख्यतः डिझ्नीने १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘फास्टपास’ या विनामूल्य योजनेपासून झाला. लोकप्रिय सफरीच्या दाराशी एक यंत्र बसविलेले असे. त्यात उद्यानाचे प्रवेशतिकीट घातले की, एक चिठ्ठी बाहेर येई व तीवर परत येण्याची साधारणतः एका तासाची मुदत छापलेली असे. त्या वेळात परत येणाऱ्यास निराळ्या, आखूड रांगेतून प्रवेश मिळे. एक चिठ्ठी घेतल्यानंतर काही काळ दुसरी मिळत नसे. दिवसाच्या प्रत्येक कालखंडासाठी किती चिठ्ठ्या द्यावयाच्या, हे सफरीच्या क्षमतेवरून ठरविलेले असे. सकाळी लवकर येणाऱ्यांना जवळची वेळ मिळे. दुपारपर्यंत वेळा संध्याकाळपर्यंत लांबत आणि अखेर चिठ्ठ्या संपत.

या पद्धतीत प्रेक्षकाने स्वतः रांगेत उभे राहण्याऐवजी त्याचा क्रमांक उभा राही व त्याला हिंडण्याफिरण्यास मोकळीक मिळे. मोकळा झालेला प्रेक्षक उपाहारगृहात किंवा दुकानात जाईल, ही व्यवस्थापनाच्या दृष्टीने जमेची बाजू होती. पैसे असोत वा नसोत, उद्यानात आलेल्या प्रत्येकास चिठ्ठी घेण्याचा सारखाच हक्क होता. तथापि पद्धतीचे नियम जाणून सकाळीच चिठ्ठ्या घेणारा अनुभवी प्रेक्षक आणि प्रथमच आलेला अनभिज्ञ प्रेक्षक यांच्यातील अंतर तिने वाढविले.

फ्लॉरिडातील वॉल्ट डिझ्नी वर्ल्ड येथे २०१३-१४ मध्ये या योजनेची जागा ‘फास्टपास प्लस’ या योजनेने घेतली. रेडिओ लहरींनी ओळख पटविणारी मनगटपट्टी आणि संगणकीय आरक्षण हा तिचा आधार होता. ज्या व्यापक प्रकल्पाचा ती भाग होती, त्याचा खर्च सुमारे एक अब्ज डॉलर असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. उद्यानाच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना ६० दिवस व इतरांना ३० दिवस अगोदर तीन सफरींच्या वेळा राखून ठेवता येत. त्यामुळे दिवसाचा कार्यक्रम उद्यानाच्या दाराशी न ठरता दोन महिने आधी घरी बसूनच ठरू लागला आणि निवासाच्या ठिकाणानुसार प्रेक्षकांत भेद निर्माण झाला.

सशुल्क पद्धतींचा उदय : सशुल्क अग्रप्रवेशाची वाट इतर कंपन्यांनी आधीच चोखाळली होती. ब्रिटनमधील लो-क्यू या कंपनीने तयार केलेले ‘क्यू-बॉट’ हे हातात मावणारे उपकरण २००१ मध्ये ‘सिक्स फ्लॅग्ज ओव्हर जॉर्जिया’ येथे वापरात आले. भाड्याने घेतलेल्या या उपकरणावर सफर निवडली की, ते प्रेक्षकाच्या वतीने रांगेत ‘उभे राही’ व वेळ झाल्यावर सूचना देई. सिक्स फ्लॅग्जच्या ‘फ्लॅश पास’ योजनेत पुढे श्रेणी पडल्या. सर्वांत खालच्या श्रेणीत रांगेइतकाच वेळ, पण अन्यत्र हिंडून काढावयाचा. वरच्या श्रेणींत अधिक पैसे भरल्यास तो वेळच कमी होई. पहिल्या श्रेणीत केवळ उभे राहण्यापासून सुटका विकत मिळे. वरच्या श्रेणींत दुसऱ्याच्या आधीचा क्रमांक विकत मिळे. हा फरक सूक्ष्म वाटला, तरी मूलभूत आहे.

युनिव्हर्सल कंपनीच्या उद्यानांतील ‘एक्स्प्रेस’ पासात वेळ आरक्षित करावी लागत नाही. अग्ररांगेच्या दाराशी केव्हाही जाता येते. त्याची किंमत दिवसागणिक बदलते. ऑर्लँडो येथील ठरावीक उच्च श्रेणीच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना तेथील दोन जुन्या उद्यानांसाठी हा पास निवासाच्या भाड्यातच दिला जातो. सीडर फेअर या कंपनीने २०११ मध्ये ‘फास्ट लेन’ ही मनगटपट्टीची सशुल्क योजना ओहायओतील किंग्ज आयलंड येथे आणली व पुढील वर्षी ती अन्य उद्यानांत नेली. सीडर फेअर व सिक्स फ्लॅग्ज या कंपन्यांचे १ जुलै २०२४ रोजी विलीनीकरण झाले.

डिझ्नीने कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये ‘मॅक्सपास’ ही योजना आणली. तीत माणशी दररोज १० डॉलर भरल्यास फास्टपासचे आरक्षण भ्रमणध्वनीवरून करता येई; यंत्रातून मिळणारी विनामूल्य चिठ्ठी चालूच होती. मार्च २०२० मध्ये कोव्हिड महासाथीमुळे उद्याने बंद झाली. ती पुन्हा उघडल्यावर अमेरिकेत विनामूल्य फास्टपास परत आला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लॉरिडात माणशी दररोज १५ डॉलर दराने व डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियात २० डॉलर दराने ‘जिनी प्लस’ ही सशुल्क योजना सुरू झाली. अत्यंत लोकप्रिय अशा काही सफरींसाठी निराळे शुल्क ठेवण्यात आले. अग्ररांगेस ‘लाइटनिंग लेन’ हे नाव मिळाले. ऑक्टोबर २०२२ पासून फ्लॉरिडातील दर तारखेनुसार बदलू लागले. जुलै २०२४ मध्ये या योजनेची ‘मल्टी पास’ व ‘सिंगल पास’ अशी पुनर्रचना झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या ‘प्रीमियर पास’ मध्ये वेळ न ठरविता अग्ररांग असलेल्या प्रत्येक सफरीत एकेकदा प्रवेश मिळू लागला. प्रारंभी त्याची किंमत कॅलिफोर्नियात ४०० डॉलर, तर फ्लॉरिडात उद्यान व तारीख यांनुसार १२९ ते ४४९ डॉलर होती.

पॅरिस येथील डिझ्नी उद्यानांत फास्टपासऐवजी २०२१ मध्ये प्रत्येक सफरीसाठी स्वतंत्र शुल्क आकारणारा ‘प्रीमियर ॲक्सेस’ आला. टोकिओत मे २०२२ मध्ये त्याच नावाचा सशुल्क पास सुरू झाला. परंतु जुलै २०२३ मध्ये चाळिसाव्या वर्धापनाच्या निमित्ताने काही सफरींसाठी विनामूल्य प्राधान्य पासही देण्यात येऊ लागला. सशुल्क व विनामूल्य या दोन्ही पद्धती एकाच उद्यानात नांदू शकतात, हे त्यावरून दिसून येते.

अशा रीतीने सुमारे सात दशकांत एक वर्तुळ जवळजवळ पूर्ण झाले आहे. तिकीट-पुस्तिकेच्या काळात आकर्षक सफरीची निराळी किंमत द्यावी लागे. आजही द्यावी लागते. परंतु पुस्तिकेच्या काळी ज्याच्याकडे ‘ई’ तिकीट असे, तो इतर सर्वांबरोबर एकाच रांगेत उभा राही. आज किंमत देणाऱ्याची रांगच वेगळी असते.

प्रकार : प्रचलित पद्धतींचे स्थूलमानाने पाच प्रकार पडतात. (१) वेळ-आरक्षण : परत येण्याची मुदत ठरवून दिली जाते. (२) आभासी रांग : उभे राहण्याची रांगच नसते, गटक्रमांक पुकारला जातो. वॉल्ट डिझ्नी वर्ल्डमधील ‘राइझ ऑफ द रेझिस्टन्स’ ही सफर डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिला याच पद्धतीने प्रवेश होता. ऑर्लँडोतील ‘व्हॉल्कॅनो बे’ या जलउद्यानात २०१७ मध्ये मनगटपट्टीच्या साहाय्याने ती बहुतेक सफरींना लागू करण्यात आली. (३) अमर्याद अग्ररांग : पासधारक केव्हाही येऊ शकतो. (४) एकल-प्रवासी रांग : दोघे-तिघे एकत्र बसविल्यावर उरलेली एखादी जागा एकट्या व्यक्तीस दिली जाते. (५) गरजाधिष्ठित प्रवेश : अपंग व्यक्तींसाठी किंवा लहान मुलांच्या पालकांसाठी असलेली सोय. पालकांच्या बाबतीत एकजण सफरीत असताना दुसरा मुलाजवळ थांबतो व नंतर त्यास पुन्हा रांग न लावता सोडले जाते. या पाच प्रकारांपैकी एकल-प्रवासी रांगेने कोणाचाही वेळ हिरावला जात नाही, कारण ती एरवी रिकाम्या जाणाऱ्या जागांवरच चालते.

कार्यपद्धती व प्रतीक्षेची वाटणी : सफरीच्या चढण्याच्या फलाटाआधी दोन्ही रांगा एका ठिकाणी मिळतात. तेथील कर्मचारी ठरलेल्या प्रमाणात आलटून-पालटून दोन्हींतून माणसे सोडतो. पासधारकास थोड्या वेळात आत नेण्याचे आश्वासन दिलेले असल्याने बहुसंख्य जागा अग्ररांगेकडे जातात. सफर बिघाडामुळे काही काळ बंद पडली, तर तेवढ्या काळातील पासधारकही नंतर एकदमच येतात आणि सर्वसाधारण रांग जवळजवळ स्तब्ध होते. त्यामुळे आखूड दिसणारी सर्वसाधारण रांगही फार वेळ घेऊ शकते.

या वाटणीचे स्वरूप एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. मिनिटाला २० व्यक्तींना नेणाऱ्या सफरीपुढे १,२०० व्यक्ती उभ्या आहेत व आणखी कोणी येत नाही, असे मानू. सर्वांना आत जाण्यास ६० मिनिटे लागतील व सरासरी प्रतीक्षा ३० मिनिटे होईल. आता त्यांतील ३०० व्यक्तींना पास दिला व त्यांना आधी सोडले, तर ते १५ मिनिटांत संपतील आणि त्यांची सरासरी प्रतीक्षा ७·५ मिनिटे होईल. उरलेल्या ९०० व्यक्ती १५ ते ६० मिनिटांच्या दरम्यान आत जातील. त्यांची सरासरी ३७·५ मिनिटे होईल. पासधारकाने प्रत्येकी २२·५ मिनिटे वाचविली, म्हणजे एकूण ६,७५० मिनिटे. इतरांनी प्रत्येकी ७·५ मिनिटे अधिक घालविली, म्हणजे एकूण ६,७५० मिनिटेच. वाचलेले प्रत्येक मिनिट दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर मांडले गेले.

पासधारकांची संख्या ६०० केली, तर त्यांची सरासरी १५ मिनिटांवर जाते आणि इतरांची ४५ मिनिटांवर. सर्वच १,२०० व्यक्तींनी पास घेतला, तर सरासरी पुन्हा ३० मिनिटे होते व पास घेतल्याने कोणाचाच लाभ होत नाही. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पासाचे मूल्य तो इतरांजवळ नसण्यावर अवलंबून असते. म्हणून विक्रीवर मर्यादा ठेवावी लागते किंवा किंमत चढी ठेवावी लागते. दुसरे असे की, पासधारक वाढतील तसतशी सर्वसाधारण रांग अधिक त्रासदायक होते व ती टाळण्यासाठी पास घेण्याची प्रवृत्ती बळावते. पास विकणाऱ्यास सर्वसाधारण रांग आखूड करण्यात आर्थिक स्वारस्य उरत नाही, हा या पद्धतीतील अंगभूत विरोध होय.

हा हिशेब एका सफरीपुरता व रांग भरलेली असतानाचा आहे. आरक्षणामुळे मागणी दिवसभर पसरली आणि एरवी रिकाम्या जाणाऱ्या जागा भरल्या, तर एकूण लाभ खरोखर वाढू शकतो. तसेच आभासी प्रतीक्षेत घड्याळाचा वेळ तेवढाच गेला, तरी तो सावलीत बसून किंवा जेवून घालविता येतो. तथापि संपूर्ण उद्यानाचा विचार केल्यास आणखी एक गुंतागुंत आढळते. आभासी रांगेत असलेली व्यक्ती रिकाम्या वेळात बहुधा दुसऱ्या एखाद्या सफरीच्या खऱ्या रांगेत जाऊन उभी राहते. एकच माणूस एका वेळी दोन रांगांत असतो. परिणामी पूर्वी जेथे फारशी गर्दी नसे, अशा मध्यम लोकप्रियतेच्या सफरींपुढील रांगा लांबतात आणि हिंडण्याचे रस्ते व उपाहारगृहे यांवर ताण पडतो. कारण पूर्वी रांगांत सामावलेली माणसे आता मोकळ्या जागेत असतात.

अर्थशास्त्रीय विचार : मनोरंजन उद्यानातील आकारणी हा अर्थशास्त्राचा एक अभ्यासविषय आहे. वॉल्टर ओय यांनी १९७१ मध्ये डिझ्नीलँडचे उदाहरण घेऊन द्विस्तरीय आकारणीचा, म्हणजे प्रवेशशुल्क अधिक प्रत्येक फेरीचे शुल्क या रचनेचा, उलगडा केला. रॉबर्ट बॅरो व पॉल रोमर यांनी १९८७ मध्ये बर्फावरील घसरणीच्या खेळासाठी असलेल्या विद्युत्‌पाळण्यांचा विचार करून असे दाखविले की, दिवसाचे शुल्क स्थिर असले, तरी गर्दीनुसार प्रत्येकाच्या वाट्यास येणाऱ्या फेऱ्या कमी-अधिक होतात व दर फेरीची प्रत्यक्ष किंमत आपोआप बदलते. रांग ही नेहमीच अकार्यक्षमतेची खूण नसते, हे त्यातून सूचित झाले.

सशुल्क अग्रप्रवेशाच्या बाजूने असा युक्तिवाद केला जातो की, वेळेचे मूल्य प्रत्येकास सारखे नसते. आयुष्यात एकदाच दूरदेशाहून आलेल्या कुटुंबास एक तास फार मोलाचा असतो. जवळ राहून वर्षभर येणाऱ्यास तो तितका नसतो. ज्याला घाई आहे त्याने किंमत मोजावी व ज्याला नाही त्याने थांबावे, यात दोघांचेही समाधान आहे. हा युक्तिवाद पूर्ण होण्यास मात्र थांबणाऱ्यास काही मोबदला मिळावयास हवा; उदा., त्याचे प्रवेशशुल्क तेवढ्या प्रमाणात कमी व्हावे. तसे होत नसेल, तर जो वेळ विकला गेला तो थांबणाऱ्याचा आणि पैसा मिळाला तो उद्यानाला, अशी स्थिती होते. शिवाय पैसे मोजण्याची तयारी ही निकडीइतकीच ऐपतीवरही अवलंबून असते. अमेरिकन तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांनी २०१२ मधील आपल्या ग्रंथात बाजाराच्या नैतिक मर्यादांची चर्चा रांग मोडण्याच्या अशाच उदाहरणांपासून सुरू केली आहे. रांगेत उभे राहिलेल्यांत वेळेच्या क्रमाखेरीज दुसरा भेद नसतो, आणि समानतेचा हा छोटासा अनुभव विक्रीस निघाल्याने नाहीसा होतो, असा या टीकेचा आशय आहे.

अपंग व्यक्तींचा प्रवेश : गरजाधिष्ठित अग्रप्रवेशाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. रांगेत दीर्घकाळ थांबणे ज्यांना अशक्य असते, त्यांना डिझ्नीच्या अमेरिकेतील उद्यानांत पूर्वी एक साहाय्यपत्र मिळे व पुष्कळदा त्यामुळे थेट प्रवेश होई. काही सधन कुटुंबे रांग टाळण्यासाठी अपंग व्यक्तींना मोबदला देऊन सोबत नेतात, अशा बातम्या २०१३ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांत आल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते पत्र बंद करून त्याऐवजी परत येण्याची वेळ देणारी सेवा सुरू झाली. म्हणजे प्रतीक्षा तेवढीच, पण रांगेबाहेर. स्वमग्नता असलेल्या काहींच्या कुटुंबीयांनी या बदलाविरुद्ध दावे केले. ठरलेल्या क्रमात बदल झाला किंवा अनिश्चित काळ थांबावे लागले, तर अशा व्यक्तींना ते असह्य होते, असे त्यांचे म्हणणे होते. यांपैकी एका दाव्यात फ्लॉरिडातील संघराज्यीय न्यायालयाने २०२० मध्ये कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. २०२४ मध्ये या सेवेची पात्रता मुख्यतः स्वमग्नता व तत्सम विकासात्मक अपंगत्वापुरती मर्यादित करण्यात आली. त्यामुळे अन्य विकार असलेल्या अनेकांनी नाराजी व्यक्त केली. विनामूल्य चिठ्ठी सर्वांस मिळत होती, तोवर आजारी किंवा अशक्त व्यक्तीस आपली अडचण सिद्ध न करताही काही प्रमाणात दिलासा मिळत असे. सर्वसामान्य अग्रप्रवेश सशुल्क झाल्यावर एकतर पैसे भरावे किंवा पात्रता पटवून द्यावी, एवढेच पर्याय राहिले.

भारतातील स्थिती : भारतातील मोठ्या उद्यानांतही सशुल्क अग्रप्रवेश आला आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ खालापूर तालुक्यात (जि. रायगड) २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिका या उद्यानात सर्वसाधारण तिकिटाखेरीज अधिक किंमतीचे ‘एक्स्प्रेस’ तिकीट ठेवण्यात आले. कोची, बंगळूरु व हैदराबाद येथील वंडरला उद्यानांत अशाच प्रकारचे ‘फास्टट्रॅक’ तिकीट असते. ही पद्धत रुजण्यास येथे फारशी अडचण पडली नाही, कारण सशुल्क व निःशुल्क अशा दोन रांगांची कल्पना भारतीय समाजास देवस्थानांमुळे परिचित आहे. तिरुमला येथे निःशुल्क सर्वदर्शनाबरोबर ३०० रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन आहे. तसेच सर्वदर्शनासाठी वेळ नेमून दिलेली टोकनेही दिली जातात. म्हणजे किंमतीने ठरणारा क्रम आणि नेमून दिलेल्या वेळेने ठरणारा क्रम हे दोन्ही उपाय एकाच ठिकाणी योजिलेले आढळतात.

मूल्यमापन : अग्रप्रवेश पद्धतीमुळे प्रतीक्षा नाहीशी होते, हा समज बरोबर नाही. जागा तेवढ्याच असताना ती फक्त एकाकडून दुसऱ्याकडे जाते. क्षमता वाढविणे, रिकाम्या जागा भरणे व गर्दीच्या दिवशी प्रवेशसंख्या मर्यादित ठेवणे हेच ती खरोखर कमी करण्याचे मार्ग होत. वाटणी अटळ असेल, तर ती कोणत्या तत्त्वावर करावी, एवढाच प्रश्न उरतो. आगमनाचा क्रम, नेमलेली वेळ, गरज आणि किंमत ही चार तत्त्वे आजवर वापरली गेली आहेत. पहिल्या तिन्हींत थांबणाऱ्यास आपण का थांबलो आहोत, याचे त्याला पटू शकेल असे उत्तर देता येते. चौथ्यात ते देणे कठीण जाते. सर्वसाधारण रांगेत मुलाचा हात धरून उभ्या असलेल्या प्रेक्षकाने प्रवेशाचे पूर्ण शुल्क भरलेले असते. पास घेतलेल्यांचा प्रवेश किती जलद झाला, यापेक्षा पास न घेणाऱ्या या प्रेक्षकास किती वेळ उभे राहावे लागले, हीच अशा कोणत्याही पद्धतीची खरी कसोटी मानावी लागेल.